कुत्र्यांचं नंतर बघू, आधी शेळी दवाखान्यात न्या

सोलापूरच्या हद्दवाढ भागातल्या एका ताईंचं पत्र आलंय. थोडं आटोपतं करून देतो.

"काका, मी घरी विड्या वळते, मालक टॉवेलच्या कारखान्यात आहेत. घरामागं दोन उस्मानाबादी शेळ्या, दोन करडं आणि चौदा गावरान कोंबड्या होत्या. गड्ड्याच्या यात्रेत शोभेचं दारूकाम बघायला घरचे सगळे गेलो. रात्री अकराला परत आलो तर खुराड्याची जाळी खालच्या कोपऱ्यात फाटलेली आणि अंगणभर पिसं. अकरा कोंबड्या मेल्या, खाल्ली फक्त एक. तीन शेवग्यावर चढून बसल्या होत्या, त्या वाचल्या. दुभत्या शेळीला मागच्या मांडीला आणि कासेजवळ चावलंय. शेजारणीनं चार कुत्री पळताना बघितली. त्यातलं एक पलीकडच्या गल्लीतल्या माणसाचं, गळ्यात लाल पट्टा आहे. तो म्हणतो, माझं कुत्रं मुंगीला पण तोंड लावत नाही. महापालिकेत सांगितलं तर म्हणाले, धरून नेऊ, ऑपरेशन करू, परत तिथंच सोडू. मग उपयोग काय? गल्लीतले म्हणतात पावात औषध घालून टाका. आमच्या मालकांचंही तेच ठरत आलंय. मेलेल्या कोंबड्या दोघांनी रश्शाला मागितल्या, मी दिल्या नाहीत. बरोबर केलं का? नुकसान कोण देणार? कोंबड्यांचा पैसा माझा होता, एक कोंबडी पाचशेला जात होती. राहिलेल्या तिघी तेव्हापासून अंडं देत नाहीत. विकून टाकू का?"

ताई, पत्रात सहा-सात प्रश्न आहेत, पण सगळ्यात घाईचा प्रश्न तुम्ही विचारलेलाच नाही. त्या शेळीला लस दिली का? पत्र माझ्यापर्यंत यायला आठवडा गेला. अजून दिली नसेल तर हे वाचणं इथंच थांबवा आणि शेळी घेऊन सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. न्यायची सोय नसेल तर १९६२ ला फोन लावा. तो पशुसंवर्धन खात्याचा नंबर आहे, फिरता दवाखाना त्यावरून मागता येतो. कुत्रं चावलेल्या जनावराला रेबीजची लस चावल्यानंतरही देतात. पहिला डोस ज्या दिवशी पडेल तो शून्य दिवस धरायचा आणि पुढं ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. खरं तर पहिला डोस त्याच रात्री नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी पडायला हवा होता. पण आठ दिवस उशीर झाला म्हणून आता द्यायचीच नाही, असं करू नका. लस बऱ्याचदा बाहेरच्या मेडिकलमधून आणावी लागते. आणताना बर्फाच्या पिशवीत आणा. दोन डोस झाले, जखम सुकली, शेळी चरायला लागली की लोक तिसऱ्याला फिरकत नाहीत. जनावरांच्या दवाखान्यातल्या नोकरीत मी हे इतक्यांदा पाहिलंय की दारात आलेल्या माणसाला पहिल्या डोसालाच पाचही तारखा कॅलेंडरवर मांडून द्यायचो.

जखमेचं सांगतो. कुत्र्याचा चावा वरून दिसतो त्यापेक्षा आत मोठा असतो. कातडीवर दोन भोकं, पण आतलं मांस हिसक्यानं फाटलेलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिथं गळू धरतं, माशी बसली की किडे पडतात. साबण आणि वाहत्या पाण्यानं जखम भरपूर धुवायची. हळद, चुना, तिखट, तंबाखूची पूड यांतलं काहीही भरायचं नाही. तुमच्याकडं विडीची तंबाखू हाताशी आहे आणि आपल्याकडं ती जखमेत दाबायची सवय आहे, म्हणून मुद्दाम लिहिलं. धुताना हातात प्लास्टिकची पिशवी घाला, हातावर कुठं कापलं-खरचटलं असेल तर घालाच. कासेजवळची जखम डॉक्टरांना दाखवा. तिथून कास दगडी झाली, म्हणजे सुजून कडक झाली, तर करडं उपाशी राहतील.

या शेळीचं धारोष्ण दूध घरात कोणी पीत असेल तर बंद करा. उकळून वापरा. पुढचे दोन-तीन महिने तिच्यावर डोळा ठेवा. ओरडण्याचा आवाज बदलला, लाळ गळायला लागली, खाणं सुटलं, मागचे पाय लडखडले, विनाकारण ढुशा द्यायला लागली, तर तिला वेगळी बांधा आणि डॉक्टरांना बोलवा. अशा वेळी घशात काही अडकलंय असं वाटून माणसं जनावराच्या तोंडात हात घालतात. तेवढं करू नका.

आणि माणसांचं काय? त्या रात्री कुत्र्यांना हाकलताना कोणाला दात किंवा नख लागलं का? शेळी धरताना तिच्या अंगावरची ओली लाळ कोणाच्या जखमेला लागली का? तसं असेल तर साबणानं पंधरा मिनिटं, घड्याळ लावून, धुवायचं आणि सिव्हिलला जायचं. लस तिथं मोफत आहे.

मेलेल्या कोंबड्या तुम्ही दिल्या नाहीत ते चांगलं केलं. रेबीज हा सस्तन प्राण्यांचा रोग, कोंबडीला तो होत नाही म्हटलं तरी चालेल. पण पिसांवर कुत्र्याची लाळ असते, सोलताना बोट कापतं, शिवाय ती कोंबडी किती तास तशी पडून होती कोणास ठाऊक. त्या कुठं टाकल्या ते तुम्ही लिहिलं नाही. नाल्यात किंवा उकिरड्यावर टाकल्या असतील तर त्याच कुत्र्यांना दुसरं जेवण वाढलंत. खोल खड्डा, चुना, वर माती आणि मातीवर जड दगड. अंगणातलं एकूण एक पीस गोळा करून त्यातच घाला.

आता कुत्र्यांकडं येतो. अकरा मारल्या आणि एकच खाल्ली, याचा तुम्हाला जास्त राग आलाय, पत्रातून कळतं. अकराच्या अकरा खाल्ल्या असत्या तर भुकेली होती म्हणून सोडून दिलं असतं. पण कुत्र्याचं डोकं असं चालतं: फडफड झाली की झडप घालायची. बंद खुराड्यात कोंबडीला पळायला वाट नसते, ती फडफडत राहते, मग एक पडली की दुसरी. शेवटची गप्प होईपर्यंत ते थांबत नाही. घरात भाकरी खाऊन वाढलेलं कुत्रंही हेच करतं, उलट पोट भरलेलं कुत्रं मारतं जास्त आणि खातं कमी. त्यामुळं लाल पट्टेवाला "मुंगीला तोंड लावत नाही" म्हणतो, तेव्हा तो खोटंच बोलतोय असं नाही. त्याच्या दारात ते तसंच वागत असेल. चौघं जमली की वेगळं.

मोहोळ तालुक्यात नोकरीला असताना एका पहाटे मला बोलावणं आलं, लांडग्यानं सात मेंढरं मारली म्हणून. जाऊन बघितलं तर जखमा मांडीला, शेपटीच्या बुडाला, पोटाला, एकेकीवर दहा-दहा ठिकाणी, आणि एकही मेंढी नीट खाल्लेली नाही. लांडगा सहसा असा पसारा घालत नाही. तो एक धरतो, मारतो, खातो, नाहीतर ओढून नेतो. मालकाचं स्वतःचं कुत्रं बैलगाडीखाली शांत पडलं होतं. जबडा उघडून बघितला तर दाढेत लोकर. माणूस पाच मिनिटं काही बोलला नाही.

हा फरक उत्तर सोलापूर, मोहोळ, करमाळा या भागातल्या वाचकांनी ध्यानात ठेवावा. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या आसपास लांडगा खरोखर आहे. लांडग्यानं जनावर मारलं तर वन खात्याकडून भरपाई मिळते, पण त्यासाठी जागेवरून काही न हलवता लवकरात लवकर वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्यावा लागतो. ही भरपाई वन्यप्राण्यानं केलेल्या नुकसानीची. गल्लीतल्या कुत्र्याला ती लागू नाही. ताई, म्हणून वन खात्याच्या दारात तुमचा हेलपाटा वाया जाईल.

तुमच्याकडं शेजारणीनं डोळ्यांनी बघितलंय, त्यामुळं शंका नाही. पण ज्यांना रात्री नुसता आवाज आला आणि सकाळी कोंबडी गायब, त्यांनी कुत्र्यावर आळ घ्यायच्या आधी खुराड्याभोवती संध्याकाळी चुलीची राख चाळून पसरावी. कुत्र्याच्या पंजात पुढं नखं उमटतात, मांजराच्या उमटत नाहीत. डोकं आणि मान तेवढी चावलेली असेल तर मुंगूस. पिल्लं एकेक करून कमी होतायत आणि खुराड्यात बीळ आहे, तर घूस. दिवसा पिल्लू गेलं तर वर बघा, घार असेल. घुशीच्या चोरीपायी कुत्र्याला विष घालणारे मी पाहिलेत.

विषावर आता सरळ बोलतो. तुमच्या मालकांना हा परिच्छेद वाचून दाखवा. माझ्या मामाच्या वस्तीवर मी शाळेत असताना हेच केलं होतं. भाकरीत औषध घालून बांधावर ठेवली. दोन भटकी कुत्री मेली. तिसरी भाकरी कावळ्यानं उचलली आणि उकिरड्यावर टाकली, ती मामाच्या कोंबड्यांनी फोडली. सहा कोंबड्या गेल्या. राखणीचं घरचं कुत्रं त्या मेलेल्या कुत्र्याची ओकारी चाटून संध्याकाळी फेस गाळत मेलं. आठवडा नाही झाला, तर पलीकडच्या वस्तीवरची नवी कुत्री येऊन उकिरडा हुंगायला लागली, आणि आता त्यांच्यावर भुंकायलाही कोणी नव्हतं. तुमच्या गल्लीत तर पोरं रस्त्यावर खेळतात. रस्त्यात पडलेला पाव उचलायला तीन वर्षांच्या पोराला किती वेळ लागतो?

आणि कायदा म्हणाल तर १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम ३२५ खाली कोणताही प्राणी मारणं, विष घालणं किंवा लुळा करणं याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही आहे. १९६० चा प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा कायदा वेगळाच. लाल पट्ट्याचं कुत्रं मेलं तर त्याचा मालक पहिलं नाव तुमचंच घेईल, कारण भांडण तुमचं झालंय आणि गल्लीला माहीत आहे. म्हणजे कोंबड्या तुमच्या गेल्या आणि चौकीच्या चकरा पण तुम्हीच मारायच्या. अंगणात शिरलेल्या कुत्र्याला काठीनं, पाण्यानं, डबा वाजवून हुसकून लावा, त्याला कोणी काही म्हणत नाही.

हीच गोष्ट तारेत करंट सोडण्याची. मीटरवरून वायर ओढून कुंपणाला जोडणाऱ्यांची स्वतःची माणसं मेलेली आहेत. शेतात वापरतात ती झटका मशीन वेगळी, ती बॅटरीवर क्षणाक्षणाला टिचकी मारते. पण शेजारी भिंतीला भिंत असलेल्या घराला तीही नको.

पोत्यात घालून लांब सोडून यायची कल्पना पुढं कोणीतरी काढेलच. कुत्र्यांची जागा बदलायला कायद्यानं बंदी आहे. शिवाय आपल्याकडं लांब म्हणजे माळ. माळावर सोडलेली कुत्री काळविटाच्या पाडसामागं लागतात, जमिनीवरची अंडी फोडतात आणि धनगराच्या वाघरीत, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीत, शिरतात. तुमच्या कोंबड्यांचं दुखणं दुसऱ्याच्या कोकरांना द्यायचं, एवढंच.

महापालिकेनं जे सांगितलं ते टाळाटाळीसारखं वाटतं, पण नियमच तसा आहे. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांप्रमाणे कुत्रं धरायचं, नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची, खूण म्हणून कानाला खाच पाडायची आणि जिथून उचललं तिथंच सोडायचं. त्यामागं अक्कल आहे. गल्लीतली कुत्री उचलून नेली की जागा आणि उकिरडा रिकामा होतो आणि बाहेरची, बिनलसीची कुत्री तिथं येतात. नसबंदी झालेलं, लस टोचलेलं कुत्रं तिथंच राहिलं तर बाहेरच्याला शिरू देत नाही आणि पिल्लंही होत नाहीत. याचा गुण मात्र तेव्हाच येतो, जेव्हा एका भागातली बहुतेक सगळी कुत्री थोड्या दिवसांत धरली जातात. चार धरली, वीस राहिली, तर काही होत नाही. लोकांची चीड इथंच येते, आणि ती खोटी नाही.

म्हणून तक्रार तोंडी करू नका. झोन ऑफिसला लेखी अर्ज द्या, एका प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. अर्जात "कुत्री फार झालीत" असं लिहू नका, तसे अर्ज ढिगानं पडलेले असतात. तारीख, वेळ, चार कुत्री, रंग, त्यातल्या किती जणांच्या कानाला खाच आहे, अकरा कोंबड्या, एक शेळी जखमी, दवाखान्याचा कागद, फोटो, असं सगळं लिहा. कानाची खाच मुद्दाम बघा. खाच नसेल तर त्या कुत्र्याची नसबंदी आणि लस झालेली नाही, हे तुम्हाला सिद्ध करत बसावं लागत नाही. आणि हे हल्ला करणारं टोळकं आहे, असं स्पष्ट शब्दांत लिहा. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात नसबंदी आणि लसीनंतर कुत्री मूळ जागी सोडायला सांगितलंय, पण त्यातून रेबीज झालेली, रेबीजचा संशय असलेली आणि आक्रमक कुत्री वगळली आहेत. त्या आधारावर तुमच्या अर्जाला वजन येतं. एकटीचा अर्ज देऊ नका, गल्लीतल्या वीस-पंचवीस जणांच्या सह्या घ्या. औषध घालायला जे पुढं झाले होते त्यांच्यापासून सुरुवात करा.

अर्जात आणखी एक गोष्ट टाका. तुमच्या भागात चिकन सेंटर किती आणि त्यांची आतडी-पिसं कुठं जातात? रविवारी दुपारी नाल्याच्या कडेला एक चक्कर मारा, म्हणजे टोळकं कशावर पोसलंय ते दिसेल. कच्च्या मांसाची आणि पिसांची चव लागलेल्या कुत्र्याला तुमच्या खुराड्याचा वास वेगळा वाटत नाही. ही तक्रार आरोग्य निरीक्षकाकडची, आणि कुत्र्यांच्या तक्रारीपेक्षा ती लवकर हलते, कारण इथं दंड करायला समोर दुकानदार असतो.

हे सगळं गड्ड्याच्याच दिवसांत का झालं, त्यालाही कारण आहे. भाद्रपदात कुत्र्या माजावर येतात, दोन महिन्यांनी, कार्तिकाच्या आसपास वितात. पौषात पिल्लं दोन-अडीच महिन्यांची होतात. आई वाळलेली, खादाड, आणि पिल्लं तिच्यामागं शिकायला. त्या चौघांत एखादी आचळं लोंबणारी कुत्री होती का, शेजारणीला विचारा. असली तर पिल्लं जवळच कुठंतरी आहेत, आणि अर्जात ती जागाही लिहा.

लाल पट्टेवाल्याशी भांडण मिटवणं हे सगळ्यात अवघड काम, आणि ते तुमच्या मालकांपेक्षा तुम्ही बरं कराल असं मला पत्रावरून वाटतं. सकाळी जा, संध्याकाळी नको. शेजारणीला बरोबर घ्या. पहिलंच वाक्य नुकसानीचं बोलू नका. असं म्हणा: दादा, तुमचं कुत्रं भटक्यांच्या टोळक्यात फिरतंय, त्यांत एखादं पिसाळलेलं असलं तर आधी तुमच्या घरात येईल, याला लस दिलीय का? हे नुसतं गोड बोलणं नाही, तसं होऊ शकतं. आणि लसीचं कार्ड दाखवावं लागलं की कुत्रं आपलं आहे हे तो आपसूक कबूल करतो. ते कुत्रं आजही ठणठणीत आहे का, तेही बघून घ्या. चावल्यानंतर दहा दिवस कुत्रं धडधाकट राहिलं तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं धरतात. उरलेल्या तीन भटक्यांचं तसं सांगता येत नाही, म्हणून शेळीची लस थांबवायची नाही.

मग मागणी करा: दिवे लागणीपासून सकाळी सातपर्यंत कुत्रं साखळीला. त्यानंतर पैशाचं. अकरा कोंबड्यांचे पाचशेनं साडेपाच हजार आणि शेळीचा औषधाचा खर्च. तो सगळं देणार नाही, आणि चार कुत्र्यांत त्याचं एक, हे त्याचं म्हणणंही अगदी फेकून देण्यासारखं नाही. शेळीचा दवाखाना त्यानं करावा, यावर अडून बसा. ऐकलंच नाही तर न्याय संहितेचं कलम २९१ आहे. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ते माणसाच्या धोक्याचं कलम आहे, कोंबड्यांचं नाही, त्यामुळं पोरं खेळतात त्या रस्त्यावर कुत्रं मोकळं असतं याचा मोबाइलवर व्हिडिओ हवा. खेड्यातल्या वाचकांनी चौकीच्या आधी तंटामुक्त समितीकडं जावं, असली भांडणं तिथं बरी सुटतात.

राहिलेल्या तीन भटक्या कुत्र्यांनी केलेलं नुकसान कोणी भरून देणार नाही, हे मी तुम्हाला गोल गोल सांगत नाही. शेळ्यांचा विमा उतरवता येतो. त्यासाठी कानात बारा अंकी बिल्ला असावा लागतो. दवाखान्यात जाताय तर बिल्ला आहे का बघा, नसेल तर मारून घ्या आणि विम्याचं तिथंच विचारा. कोंबड्यांसाठी जाळी हाच विमा.

ती कुत्री परत येणार आहेत. म्हणून जाळी होईपर्यंत तिन्ही कोंबड्या रात्री डालग्याखाली झाकून मोरीत ठेवा. वास येईल, थोडे दिवस चालवून घ्या.

खुराड्याचं बघू. फाटली ती षटकोनी भोकांची कोंबडीजाळी असणार. ती कोंबडी बाहेर जाऊ नये एवढ्यापुरती असते. कुत्र्यानं एका तारेला दात लावून हिसका दिला की पुढचे पीळ स्वेटरसारखे उसवत जातात. वेल्डमेश घ्या, एक इंची चौकोनाची, जाड तारेची. हातानं वाकवून बघा, सहज वाकली तर दुसरी मागा. सहा बाय चारचं खुराडं बारा गावरान कोंबड्यांना रात्रीपुरतं पुष्कळ झालं. भंगारात जुनी लोखंडी खाट मिळाली तर तिची चौकट अर्धं काम करते. जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच पायांवर उभं करा आणि तळालाही हीच जाळी लावा. विष्ठा खाली पडते, घूसही येत नाही. जाळी चौकटीला खिळ्यांनी ठोकू नका, पट्टी आणि बोल्टनं आवळा. कुत्रं कोपऱ्यातूनच सुरू करतं, तुमच्याकडंही कोपराच गेला.

खुराडं जमिनीवरच ठेवायचं असेल तर चारी बाजूंनी बाहेरच्या अंगाला दोन फूट रुंद शहाबादी फरशी टाका. सोलापुरात ती स्वस्त पडते. कुत्रं जाळीच्या अगदी बुडाशी उकरतं, तिथं फरशी लागली की नखं घासून परत जातं. दोन फूट मागं सरकून भुयार पाडायचं त्याला सुचत नाही. दाराला नुसती कडी नको, कोयंडा आणि त्यात खिळा. नाकानं ढकलून कडी पाडणारी कुत्री असतात.

आणि एक चूक आता घाबरून करू नका. सगळीकडून पत्रा मारून पेटी बनवू नका. आत्ता थंडी आहे, छान वाटेल. एप्रिलमध्ये आपल्याकडं पारा चाळिशीपार जातो. कुत्र्यानं अकरा मारल्या, पत्र्याचं खुराडं एका दुपारीत सगळ्या मारेल. वर पत्रा, त्यावर कडब्याच्या पेंढ्या, बाजूंनी जाळी, आणि थंडीत रात्री गोणपाट.

शेळी दाव्याला बांधलेली होती ना? जखम मांडीला आणि कासेला आहे त्यावरून वाटतं. बांधलेल्या शेळीला वळता येत नाही, शिंगं पुढं आणि कुत्री मागं. रात्री शेड बंद असेल तर शेळ्या आत मोकळ्या सोडा. शेडच्या दाराखालची फट मोजा. हाताची मूठ जात असेल तर खाली फळी मारा, पंजा आणि तोंड शिरलं की बाकीचं अंग शिरवायला कुत्र्याला वेळ लागत नाही. हालचाल झाली की लागतो तसला सेन्सरचा दिवा लावा. कुत्री त्याला आठवडाभर बिचकतात, मग सरावतात. पण उजेड पडल्यावर तुम्ही जाग्या होता, तो फायदा कायमचा. राखणीला पिल्लू पाळायचं मनात असेल तर शेळ्यांमध्येच वाढवा, लस आणि नसबंदी करा. घाई मात्र नाही, पहिल्या वर्षी ते स्वतःच कोंबड्यांमागं धावतं.

नव्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, इतक्यात विकत आणू नका. जाळी बसल्यावर आठ-दहा रात्री राख पसरून ठेवा. पंजे उमटले आणि जाळी शाबूत राहिली, म्हणजे झालं.

त्या तिघींना विकू नका. भ्यालेली कोंबडी अंडं बंद करते, त्यात दिवस लहान, त्यात रोज जागा बदलतेय. पंधरा-वीस दिवस द्या. ज्वारीचा चुरा, थोडा मका, अंड्याच्या कवचाचा भाजून केलेला भुगा, आणि दुपारी अंगणात मोकळ्या, तुमच्या नजरेसमोर. चौदातल्या ज्या तिघींना झाडावर चढायचं सुचलं, त्यांचीच पिल्लं मला तर हवीत. एखादी खुडूक बसली की तिच्याखाली अंडी ठेवा, एकविसाव्या दिवशी पिल्लं. फक्त तिघींत कोंबडा वाचलाय का ते तुम्ही लिहिलं नाही. नसेल तर घरची अंडी उबणार नाहीत, कोंबडा असलेल्या घरातून दहा-बारा मागून आणा.